डावीकडचं की उजवीकडचं?

वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावरची रेल्वे २०२४ च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत आली. हमस मात्र थेट यवतमाळला येऊन पोचलं. त्याला ना जमीन संपादन करावी लागली, ना पूल बांधावे लागले. पुण्या-बंगळूरला कॉम्प्युटरवर बसणारी आमची पोरं लग्नाकार्याला घरी येतात, दोन दिवस आजीच्या हातचं खाऊन गहिवरतात आणि तिसऱ्या दिवशी "आज तुम्ही सगळे बसा, मी करते" म्हणून स्वयंपाकघराचा ताबा घेतात. मे महिन्यातल्या अशाच एका तिसऱ्या दिवशी भाचीनं आमच्या घरी हमस आणलं. आणलं म्हणजे मोबाइलात आणलं. बाकीचं सगळं घरातच होतं, आणि भानगड सुरू झाली ती तिथूनच.

"काय काय लागते त्याले?" सासूबाईंनी विचारलं.

भाचीनं वाचून दाखवलं : काबुली चणे, तीळ, लिंबू, लसूण, मीठ, वरून तेल.

सासूबाई पुढची नावं ऐकायला थांबल्या. ती आली नाहीत. "मंग त्यात फारेनचं काय हाय?"

प्रश्न रास्त होता. हरभऱ्याच्या बाबतीत यवतमाळ जिल्ह्याला कोणी काही शिकवावं अशी परिस्थिती नाही. सोयाबीन निघालं की त्याच वावरात हरभरा पेरायचा, ही आमच्याकडची रब्बी. काबुली चणा नावानं काबूलचा असला, तरी आमच्या वावरात येतो अकोल्याहून. तिथल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं 'काक-२' आणि 'पीकेव्ही काबुली-४' अशी वाणं काढून ठेवली आहेत. तिळाचंही तसंच. 'एकेटी-६४', 'एकेटी-१०१' ही तिळाची वाणंही अकोल्याचीच. म्हणजे हमसाची राजधानी लेबनॉनमधलं बैरूत असेल, पण तालुका कचेरी अकोल्याला आहे असं म्हणायला हरकत नाही.

हरभऱ्याचं पहिलं गिऱ्हाईक मात्र माणूस नव्हेच. घाटेअळी घाट्याला गोल भोक पाडते, डोकं आत आणि धड बाहेर ठेवून निवांत जेवते. हीच अळी कपाशीवर असली की तिला अमेरिकन बोंडअळी म्हणतात. प्राणी एकच, हुद्दा वावराप्रमाणे. तिला ताहिनी, म्हणजे हमसातलं तिळाचं वाटण, लागत नाही. लिंबूही लागत नाही, कारण हरभऱ्याच्या पानावर मूळचीच आंबट आंब असते. पहाटे दवात पिकावर पांढरं फडकं फिरवून ती आंब पिळून घ्यायची आणि पोटदुखीसाठी बाटलीत भरून ठेवायची, हे जुन्या बायकांचं काम. सासूबाईंना मे महिन्यातल्या लिंबाचा भाव ऐकून त्या बाटलीची आठवण झाली होती.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. पण त्यांचा एक कान कायम बाजार समितीत असतो. "पुण्यात केवढ्याले भेटते हे?" त्यांनी विचारलं. भाचीनं हॉटेलातल्या बशीचा भाव सांगितला. मामाजींनी पेपर खाली ठेवला. २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामासाठी केंद्रानं हरभऱ्याला हमीभाव दिला होता क्विंटलला ५,६५० रुपये, म्हणजे किलोला साडेछप्पन.

"अन् बशीत चणे किती असतेत?"

"मूठभर असतील, आजोबा."

मामाजींनी मनातल्या मनात भागाकार केला. उत्तर आम्हाला सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "हे गावाकडं सांगू नको कोणाले. लोकं उगीच बिथरतीन."

चणे रात्रभर भिजवले होते, चिमूटभर सोडा घालून. सोड्यानं साल मऊ पडतं, चणा आतून पिठूळ शिजतो. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, झाकण उघडलं, बोटांत चणा धरला तर त्याचं लोणी झालं. इथवर एकमत होतं. मग भाची म्हणाली, "आता एकेका चण्याचं साल काढायचं. त्यानं हमस गुळगुळीत होतं."

सोलायला बसणं हा वऱ्हाडात कष्टाचा नव्हे, करमणुकीचा प्रकार आहे. हिवाळ्यात तुरीच्या शेंगांचे सोले काढायला बसलं की निम्म्या आळीच्या भानगडी सोलून होतात. पण तुरीची शेंग कच्ची असते, तिच्याशी दोन हात करता येतात. हा गरम, बुळबुळीत चणा चिमटीतून सुटतो आणि थेट फ्रिजखाली जातो. भाची, मी आणि शेजारच्या काकू (त्या साखर मागायला आल्या होत्या आणि साखर विसरून थांबल्या होत्या) अशा तिघी बराच वेळ खपलो. गंजात चणे होते त्यापेक्षा सालांचा ढीग मोठा दिसायला लागला.

सासूबाई हे सगळं पाटावर बसून पाहत होत्या. काही न बोलता उठल्या, नातवाला माळ्यावर चढवलं आणि पोळ्याला नि होळीला निघणारं पुरणयंत्र खाली उतरवलं. त्यात चणे घातले, दांडा फिरवला. खाली मऊ पिवळट लगदा, वर सालं. दोन मिनिटांचं काम.

"आजी, हे तर फूड मिल आहे! बाहेरचे शेफ हेच वापरतात!"

"वापरू दे बापा," सासूबाई म्हणाल्या. त्यांना शेफ लोकांच्या प्रगतीबद्दल आकस नव्हता.

चणे शिजवलेलं पाणी भाचीनं वाटीभर बाजूला काढलं होतं, हमस सैल करायला. उरलेलं ती मोरीत ओतणार तोच तिचा हात धरला गेला. पुरणाचा कट फेकणारी बाई या घरात अजून नांदायची आहे. त्या पाण्याची त्याच दुपारी आमटी झाली, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशीचा सर्वांत निर्विवाद पदार्थ तोच होता.

आता तीळ. भाचीनं ताहिनीची बाटली आधीच ऑनलाइन मागवली होती, पण ती बहुधा शकुंतलेनं निघाली असावी. मूर्तिजापूर-यवतमाळ ही आमची छोट्या रुळांची गाडी बंद होऊन वर्षं झाली, तिचा वेग मात्र कुरियरवाल्यांनी जपून ठेवला आहे. तेव्हा संक्रांतीचे उरलेले तीळ निघाले. इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. ताहिनीला पॉलिशचे पांढरे तीळ हवेत. गावरान तीळ सालासकट वाटले तर रंग मळका येतो आणि घशाशी कडवट लागतं. भाजायचेही जेमतेम, वास सुटेपर्यंत. चटणीला भाजतो तसे लाल केले की संपलं. मिक्सरमध्ये त्यांचा आधी भुगा होतो, मग गोळा होतो, मग तेल सुटून एकदम ओघळायला लागतं.

यापुढचं जे घडलं त्यानं सासूबाईसुद्धा जागच्या उठल्या. भाचीनं लसूण ठेचून लिंबाच्या रसात घालून ठेवला होता. त्यानं कच्च्या लसणाचा उग्रपणा मरतो. तो रस गाळून तिनं तिळाच्या वाटणात ओतला. वाटण पातळ व्हायच्या ऐवजी घट्ट, खरबरीत झालं. म्हटलं, गेलं. मग बर्फाचं पाणी चमचा चमचा घालत ती फेटत राहिली, आणि ते तपकिरी वाटण बघता बघता पांढरंशुभ्र, सायीगत मऊ झालं. जन्मभर तिळाची चटणी कुटलेल्या, तिळाचे लाडू वळलेल्या बाईनं हे पाहिलं नव्हतं. "हे मात्र बरं हाय," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला मला या घरात बरीच वर्षं लागली होती.

चणे आणि ताहिनी एकत्र फिरवायला घेतले आणि लाइन गेली. बाहेर पंचेचाळीस अंश. फ्रिजमधला बर्फ आमच्यापेक्षा घाईत होता. पण त्या अर्ध्या तासात एक महत्त्वाचं काम उरकलं, ते म्हणजे ऑलिव्ह तेल.

किराणा दुकानात ते मिळतं, पण मोठ्या बाटलीत आणि सोन्याच्या भावात. त्यामुळे नातवाला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये पाठवलं. आमच्या पिढीला ऑलिव्ह तेल माहीत आहे ते तिथलंच : छोटी बाटली, बाळाच्या अंगाला लावायची. मेडिकलवाल्यानं विचारलं, बाळ किती महिन्यांचं? पोरगा म्हणाला, बाळ नाही, खायला पाहिजे. त्यानं बाटली परत कपाटात ठेवली आणि फोन लावला. आमच्या घरातून तेल पिण्याचा बेत चालला आहे, अशी त्याची समजूत झाली होती. काळजीनंच विचारत होता बिचारा. आणि त्याचं बरोबर होतं. मालिशचं तेल खाण्याचं नसतं, ते खायच्या दर्जाचंच घ्यावं लागतं. शेवटी किराण्यातली महाग बाटली आली. ती पुढे बराच काळ देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात राहिली आणि पाहुण्यांना लांबून दाखवली गेली.

खरं म्हणजे वरून कच्चं तेल घेण्यासाठी वऱ्हाडी माणसाला भूमध्य समुद्रापर्यंत जावं लागत नाही. झुणक्यावर, ठेच्यावर, गोळाभातावर तेलाची धार हवीच, हा आमचा धर्म. जवसाचं तेल विदर्भाच्या स्वयंपाकघरात एके काळी रोजचं होतं. माझं मत विचाराल तर हमसावर लाकडी घाण्याचं शेंगदाण्याचं तेलही झकास लागतं. भाचीला हे पटलं नाही, पण ती शनिवारी परत जाणार होती.

लाइन आली. हमस झालं. खोलगट बशीत पसरून चमच्याच्या पाठीनं मधे गोल खळगा केला, त्यात तेल सोडलं. हे पाहून मात्र सगळ्यांचे चेहरे उजळले, कारण भाताला आळं करून वरण घेणं आमच्याकडे मूल दात यायच्या आधी शिकतं. वरून पॅप्रिका भुरभुरायची होती. पॅप्रिका म्हणजे तिखटाचा फक्त रंग. असं शोभेचं तिखट आमच्याकडे कोणी ठेवत नाही, म्हणून भिवापुरी घातलं. चिमूटभरच. बैरूतमधला माणूस त्या चिमटीनं थेट दवाखान्यात गेला असता.

आणि आता खरा प्रश्न उभा राहिला : वाढायचं कुठं?

मराठी ताटात प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मधे पोळी-भात. यात नुसती शोभा नाही, पूर्ण अर्थशास्त्र आहे. डावीकडचा पदार्थ चमचाभर मिळतो, तो मागितला तर "चटणी कोणी इतकी खाते काय" म्हणून ऐकून घ्यावं लागतं. उजवीकडचा पदार्थ वाटीभर मिळतो आणि तो नाही मागितला तर यजमानीण रुसते. एखादी वस्तू डावीकडची की उजवीकडची हे कळल्याशिवाय तिच्याशी कसं वागायचं हेच कळत नाही.

हमस कुठलं? वाटलेलं आहे, लसूण-लिंबू आहे, थंड आहे, म्हणजे डावीकडचं. चैत्रातली कैरी घातलेली वाटली डाळ डावीकडेच असते की. पण कडधान्य आहे, पोट भरतं, भाकरीशी लावून खायचं आहे, म्हणजे पिठल्याच्या घराण्यातलं; पिठलं उजवीकडे. भाचीनं सांगितलं की पॅलेस्टाईन-लेबनॉनकडे लोक सकाळी उठून नाश्त्यालाच हमस खातात, सोबत कच्चा कांदा आणि रोटी. त्यानं गोंधळ वाढला. कारण सकाळी तर्री-पोहे सोडून दुसरं काही खाणं ही कल्पनाच आमच्या आळीत बसत नाही.

भाचीचा तिसराच प्रस्ताव होता : ताटात वाढायचंच नाही. मधे बशी ठेवायची, सगळ्यांनी गोल बसून आपापला तुकडा त्यात बुडवायचा. तिकडे तसंच खातात.

घर एकदम शांत झालं.

"एकाच बशीत?" काकूंनी विचारलं.

"हो."

"आपापला घास मोडून?"

"हो."

"उष्ट्या हातानं?"

काकू तशा पुढारलेल्या आहेत. त्यांच्या मुलानं आंतरजातीय लग्न केलं तेव्हा त्यांनीच पुढाकार घेतला होता. पण जात वेगळी, उष्टं वेगळं. भाचीनं समजावलं की एकदा बुडवलेला तुकडा चावून परत बुडवायचा नाही, हा तिकडेही शिष्टाचार आहेच. पण हे पाळलं जातंय की नाही यावर लक्ष कोण ठेवणार? सासूबाई लक्ष ठेवतील, म्हणजे कोणीच खाणार नाही. शेवटी वाट्या निघाल्या. प्रत्येकाला आपली वाटी, आपलं आळं, आपली तेलाची धार. वाटी ठेवली गेली ताटाच्या वरच्या बाजूला, बरोब्बर मधे. श्रीखंडाची जागा. पाहणाऱ्याला गोडाचंच काही असेल असं वाटलं असणार, कारण मामाजींनी पहिला घास पुरीसाठी जपून ठेवला होता.

पिटा ब्रेडच्या जागी ज्वारीची भाकरी होती, आणि या बाबतीत मी ठाम आहे. पिटा मऊ असतो, हमसही मऊ. दोघं मिळून तोंडात नुसती समजूत घालतात. भाकरीचा पापुद्रा जरा कडक, जरा धुरकट. तो हमसाला उचलतो. सोबत बुक्कीनं फोडलेला कांदा. चूल पेटवायची इच्छा मेलेल्या मे महिन्याच्या रात्री याच्यासारखं जेवण नाही.

मामाजींनी वाटी पुसून खाल्ली. दुसऱ्यांदा घेतलं. मग तोंड पुसून त्यांनी प्रेमानं विचारलं, "छान होतं. आता जेवण कवा हाय?"

सासूबाईंनी एकच घास खाल्ला होता. त्या बराच वेळ विचारात होत्या. "सगळं बरं हाय," त्या म्हणाल्या, "पण याले फोडणी नाई."

"आजी, हमसाला फोडणी नसते."

"घरात कोणाचं सुतक हाय काय, बिनाफोडणीचं खाले?"

यावर पुस्तकी उत्तर नाही. त्या उठल्या, पळी तापवली, मोहरी, जिरं, लसणाच्या चार पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या. ती चर्र करून बशीतल्या आळ्यात पडली तेव्हा भाचीनं डोळे मिटून घेतले. वरून मूठभर सांबार, म्हणजे पुण्याच्या लोकांची कोथिंबीर. काकूंनी त्या क्षणी वाटी पुढे केली. त्या आधी एकादशी आहे म्हणाल्या होत्या.

आता शुद्धतेचं म्हणाल, तर ज्यांचा हा पदार्थ, त्यांनीही त्याला कधी स्वस्थ बसू दिलेलं नाही. मध्ययुगातल्या कैरोच्या एका पाकपुस्तकात गार वाटलेल्या चण्याचा जो प्रकार आहे, त्यात व्हिनेगर आहे, मुरवलेलं लिंबू आहे, मसाले नि हिरवा पाला आहे. तीळ नाहीत आणि लसूणही नाही. म्हणजे आज ज्याला अस्सल म्हणतात तेच मुळात कोणाच्या तरी सासूबाईंनी केलेली सुधारणा असणार. आणि हक्काचं भांडण तर विचारूच नका. २००८ मध्ये लेबनॉनच्या उद्योजकांनी हमस आमचंच म्हणून इस्राएलविरुद्ध आवाज उठवला. २००९ मध्ये बैरूतमध्ये दोन टनांहून जास्त हमस एका ताटात कालवून विक्रम केला. २०१० च्या जानेवारीत इस्राएलमधल्या अबू घोष गावानं चार टनांचं हमस केलं, तेही उपग्रहाच्या डिश अँटेनात. मे महिन्यात लेबनॉननं १०,४५२ किलो हमस करून तो मोडला. आकडा उगाच नव्हता. लेबनॉनचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर आहे. चौरस किलोमीटरला एक किलो.

हे ऐकून मामाजींना स्फुरण चढलं. आपल्याकडेही दम आहे, नागपूरच्या विष्णू मनोहरांनी २०१८ साली एका कढईत तीन हजार किलो खिचडी शिजवलीच की. यवतमाळ जिल्ह्याचं क्षेत्रफळ साडेतेरा हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे लेबनॉनपेक्षा मोठं, हे त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. चौरस किलोमीटरला एक किलोच्या हिशेबानं आपण सहज पुढे जाऊ. चणे हमीभावानं घ्या म्हणावं, एवढीच अट.

"अन् त्याले फोडणी किती लागन?" सासूबाईंनी व्यवहाराचा मुद्दा काढला. मोहरीच्या पोत्यांवर चर्चा बराच वेळ चालली.

दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये गंजभर हमस उरलं होतं. शिळं टाकायचं नसतं. सासूबाईंनी त्यात कांदा, सांबार, तिखट आणि ज्वारीचं पीठ घालून वडे थापले आणि तळायला घेतले. वड्यांच्या बाबतीत डावं-उजवं काही नसतं, ते कढईतून थेट हातात येतात. भाची वासानं उठून आली. तिनं एक वडा उचलला, फोडून आत पाहिलं आणि आनंदानं ओरडली, "आजी, हे जवळजवळ फलाफल झालं की!" मग मोबाइल काढून पाहिलं आणि जरा हिरमुसली. "पण फलाफलचे चणे शिजवत नाहीत. नुसते भिजवून कच्चेच वाटतात."

सासूबाईंनी झाऱ्यावरचं तेल निथळू दिलं.

"मंग काल कायले शिजवले?"